घास अडतो कुठे? बेरियमच्या एक्स-रेचा आढावा

जेवताना घास छातीत अडकतो, अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आज बहुतेक शहरांत थेट दुर्बिणीच्या तपासणीला, म्हणजे एन्डोस्कोपीला पाठवतात. दोन पिढ्यांपूर्वी त्याच माणसाला एक्स-रे विभागात उभं करून हातात पांढऱ्या, घट्ट, खडूच्या चवीच्या औषधाचा पेला दिला असता. तो पीत असताना डॉक्टरांनी पडद्यावर त्याची अन्ननलिका पाहिली असती. घोट घशातून जठरापर्यंत जाताना पाहणं म्हणजे 'बेरियम स्वॉलो', जठर आणि त्याला जोडलेला लहान आतड्याचा पहिला भाग, ड्युओडेनम, पाहणं म्हणजे 'बेरियम मील'. पोटाच्या वरच्या भागातल्या आजारांच्या निदानाचा कित्येक दशकं हाच कणा होता. अल्सर आहे का, कर्करोग आहे का, पोट उघडायचं का, हे सगळं या काळ्या-पांढऱ्या चित्रांवर ठरत असे.

आता रेडिऑलॉजी शिकणाऱ्या मुलामुलींना ही तपासणी स्वतःच्या हाताने करायला फारशी मिळत नाही. काही डॉक्टर तिला जुनाट म्हणून सोडून देतात, तर काही सवयीने कुठल्याही पोटदुखीसाठी लिहून देतात. माझ्या मते दोघांचंही चुकतं. आतलं अस्तर कसं आहे, हा प्रश्न या तपासणीकडून दुर्बिणीने केव्हाच काढून घेतला. पण घास पुढे सरकतो कसा आणि अडतो कुठे, या प्रश्नाला तिच्याइतकं सरळ उत्तर आजही दुसऱ्या कुठल्या तपासणीतून मिळत नाही.

विल्हेल्म रंटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि काही आठवड्यांतच हाडं, शरीरात रुतलेल्या सुया, बंदुकीच्या गोळ्या दिसू लागल्या. पोट मात्र दिसेना. अन्ननलिका आणि जठर शेजारच्या स्नायूंइतकेच किरण अडवतात, त्यामुळे चित्रात सगळं एकाच करड्या छटेत मिसळून जातं. यावर उपाय एकच होता. त्या पोकळीत असं काही भरायचं, की जे किरणांना भरपूर अडवेल. जड अणूंचे पदार्थ ते काम करतात.

हार्वर्डमध्ये वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याला प्राध्यापक हेन्री बाउडिच यांनी सुचवलं, की या नव्या किरणांनी गिळण्याची क्रिया पाहा. १८९६ च्या डिसेंबरात कॅनन आणि त्याचा सहाध्यायी आल्बर्ट मोझर कामाला लागले. लांब मानेमुळे घास खाली जाताना नीट दिसेल म्हणून त्यांनी हंसाला बिस्मथ मिसळलेलं खाणं भरवलं. पुढे कॅननने मांजरांवर तासन्‌तास निरीक्षणं केली. जेवलेल्या मांजराच्या जठरात आकुंचनाच्या लाटा एका संथ लयीत चालू असत. मांजर चिडलं, घाबरलं, सुटायला धडपडलं की त्या लाटा थांबत आणि ते शांत झालं की पुन्हा सुरू होत. भावनांचा शरीरावर काय परिणाम होतो, यावरचं कॅननचं पुढचं सगळं काम या निरीक्षणातून उगवलं. १८९८ मध्ये त्याने जठराच्या हालचालींवरचा निबंध प्रसिद्ध केला. उतारवयात त्याला त्वचेच्या कर्करोगासारख्या दुर्धर आजाराने गाठलं. तरुणपणी अंगावर घेतलेले क्ष-किरण त्याला कारणीभूत असावेत, असं मानलं जातं. या तपासणीचा आरंभ हालचाल पाहण्यातून झाला, हे इथे लक्षात ठेवायला हवं. फोड आणि जखमा शोधण्याचं काम तिच्याकडे नंतर आलं.

माणसांसाठी ही पद्धत रुळवली म्युनिकच्या हर्मान रीडर यांनी, १९०४ मध्ये. पेजेसारख्या खाण्यात बिस्मथ सबनायट्रेट मिसळून ते रुग्णाला खाऊ घालत आणि चित्रं घेत. पण काही रुग्ण निळे पडून दगावले. आतड्यातले जिवाणू या क्षाराच्या नायट्रेटपासून नायट्राइट तयार करतात आणि त्यामुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हे नंतर उलगडलं. दुसऱ्या पदार्थाचा शोध सुरू झाला. १९१० मध्ये जर्मनीत बाखेम आणि ग्युंटर यांनी बेरियम सल्फेट सुचवलं. ते स्वस्त होतं आणि किरणांना चांगलं अडवत होतं. शंभरहून अधिक वर्षं झाली, ते अजून टिकून आहे.

या पदार्थाच्या रसायनाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण बेरियम हा मुळात विषारी धातू आहे. बेरियम कार्बोनेट उंदीर मारायला वापरत. पोटातल्या आम्लात ते विरघळतं, बेरियम रक्तात उतरतं, पेशींमधून पोटॅशियम बाहेर येण्याच्या वाटा बंद होतात, रक्तातलं पोटॅशियम झपाट्याने घसरतं, स्नायू लुळे पडतात आणि हृदयाची लय बिघडते. सल्फेट मात्र पाण्यात विरघळत नाही आणि आम्लातही नाही. ते जसं तोंडाने जातं तसंच शौचावाटे बाहेर पडतं. सगळी सुरक्षितता या एका गुणधर्मावर उभी आहे. २००३ मध्ये ब्राझीलमध्ये कार्बोनेट मिसळलेलं बेरियम सल्फेट बाजारात आलं आणि साध्या तपासणीसाठी गेलेली माणसं मरण पावली. हे खनिज आपल्याकडे भरपूर आहे. आंध्र प्रदेशातल्या मंगमपेठचा बरायटीसचा साठा जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक आहे. तिथला बहुतेक माल तेलविहिरी खोदताना लागणाऱ्या चिखलात जातो. औषधी दर्जाचं शुद्ध, बारीक आणि पेल्याच्या तळाशी न बसणारं बेरियम बनवणं हे वेगळंच काम आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात ही तपासणी अंधाऱ्या खोलीत होई. पडद्यावरची चमक इतकी फिकी असे, की डॉक्टरांना आधी डोळे अंधाराला सरावून घ्यावे लागत. त्यासाठी ते बाहेर लाल काचांचे चष्मे घालून वावरत. अशा मंद उजेडात व्हिएन्नाच्या मार्टिन हाउडेक यांनी १९१० मध्ये जठराच्या भिंतीबाहेर डोकावणारा बेरियमचा छोटा उंचवटा ओळखला. तो होता अल्सरचा खड्डा, त्यात साचलेल्या बेरियममुळे दिसू लागलेला. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या रसेल कारमन यांनी कर्करोगातल्या व्रणाची चंद्रकोरीसारखी खूण १९२१ मध्ये वर्णन केली. १९२६ मध्ये ते स्वतः जठराच्या कर्करोगाने गेले. प्रतिमा उजळ करणारी नळी, म्हणजे इमेज इन्टेन्सिफायर, १९५० च्या दशकात आली आणि अंधार सरला. लाल चष्मे मागे पडले आणि चलच्चित्र घेणंही सोपं झालं.

या तपासणीने कौशल्याचं टोक गाठलं ते जपानमध्ये. जठराचा कर्करोग हा तिथे फार मोठा मारेकरी होता. पोट भरून बेरियम पाजलं की मोठी गाठ दिसे, पण अस्तरावरचा बोटभर चपटा डाग त्या पांढऱ्या साठ्याखाली झाकला जाई. शिराकाबे हिकोओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात 'डबल कॉन्ट्रास्ट' पद्धत घडवली. तिच्यात दाट बेरियम थोडंच देतात आणि जठर हवेने फुगवतात. बेरियमचा पातळ लेप अस्तरावर बसतो, त्यामागे हवेची काळी पार्श्वभूमी असते आणि मिलिमीटरभराचा उंचसखलपणाही उठून दिसतो.

ही तपासणी होते कशी, ते पाहण्यासारखं आहे. रुग्ण रात्रीपासून उपाशी असतो. तंबाखू किंवा च्युइंगमही चालत नाही, कारण लाळ आणि जठररस वाढले की लेप नीट बसत नाही. आधी वायू सोडणारी दाणेदार पूड घोटभर पाण्याबरोबर देतात. ढेकर मात्र काढायचा नाही, पोटात भरलेला वायू निघून जाता कामा नये. अनेक ठिकाणी जठराची हालचाल थोडा वेळ थांबवण्यासाठी सुईही देतात. मग दाट बेरियम. ते पिऊन झालं की टेबल आडवं होतं आणि खरी कसरत सुरू होते. काचेपलीकडून आवाज येतो, "काकू, डाव्या कुशीवर वळा. आता पालथ्या व्हा. आता उजवीकडून पूर्ण फिरून पुन्हा उताण्या व्हा. श्वास घ्या, थांबवा... सोडा." एकदा पूर्ण गोल फिरल्यावर जुना चिकट थर धुऊन निघतो आणि नवा लेप बसतो. प्रत्येक कुशीवर हवा वर चढते आणि बेरियम खाली साचतं, म्हणजे जठराची कधी ही भिंत आणि कधी ती भिंत उघडी पडते. लेप चांगला जमला तर जठराच्या अस्तराचं दोन-तीन मिलिमीटरच्या कप्प्यांचं नैसर्गिक जाळं दिसतं. ते जाळं दिसलं की तपासणी विश्वासाची आणि ते कुठे तुटलेलं दिसलं तर तिथे नजर थांबवायची. ऐंशी वर्षांच्या, गुडघे धरलेल्या आजींना अशी गोल फिरकी घेता येत नाही, आणि तिथे या पद्धतीची मर्यादा लगेच कळते.

जपानने या तपासणीला चाकांवर चढवलं. १९६० च्या सुमारास मियागी प्रांतात एक्स-रे यंत्र बसवलेल्या बसमधून गावोगावी जठराच्या कर्करोगाची चाळणी तपासणी सुरू झाली आणि १९८३ मध्ये वयस्कांच्या आरोग्यासाठीच्या कायद्यातून ती देशभर नेली गेली. चाळिशी ओलांडलेले नागरिक दरवर्षी बेरियम पिऊन, कुशी बदलून चित्रं काढून घेत आणि सोबत दिलेली जुलाबाची गोळी घेऊन घरी जात. कर्करोग लवकरच्या पायरीवर सापडण्याचं प्रमाण जपानमध्ये वाढलं त्याचं मोठं श्रेय या बसेसना आणि ती चित्रं वाचणाऱ्या तरबेज डोळ्यांना आहे. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतक्या चिकाटीने आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर राबवलेले उपक्रम थोडे आहेत.

पण याच क्षेत्रात बेरियम मागे पडलं, आणि त्याचा पुरावा शेजारच्या कोरियातून आला. तिथल्या राष्ट्रीय तपासणी योजनेत चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी एन्डोस्कोपी किंवा बेरियम, यांतलं काहीही निवडता येत असे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या मोठ्या अभ्यासात एन्डोस्कोपी करून घेतलेल्यांत जठराच्या कर्करोगाने मरण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आढळली. बेरियमवाल्यांत फरक नगण्य होता. जपाननेही २०१६ पासून पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी एन्डोस्कोपीचा पर्याय अधिकृत योजनेत आणला, बेरियमही चालू ठेवलं. या आकड्यांपुढे, अस्तराचा डाग शोधायचा असेल तर बेरियमची बाजू घेता येत नाही. भारतात मिझोरामसारख्या भागात जठराचा कर्करोग फार आहे, तिथेही शोधाचं साधन म्हणून दुर्बीणच पुढे न्यायला हवी.

दुर्बिणीच्या या विजयात एका भारतीयाचा वाटा आहे. पंजाबातल्या मोगा गावचे नरिंदर सिंग कपानी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करत होते. काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून वाकड्या वाटेनेही प्रतिमा नेता येते, हे त्यांनी १९५४ मध्ये दाखवलं. त्यावरून बेसिल हर्शोविट्झ यांनी अमेरिकेत लवचीक एन्डोस्कोप बनवला आणि १९५७ मध्ये तो आधी स्वतःच्या घशात उतरवला. दुर्बिणीतून रंग दिसतो, रक्तस्राव दिसतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुकडा काढून तपासता येतो. बेरियमच्या चित्रात व्रण दिसला तरी तो साधा की कर्करोगाचा, याचं अंतिम उत्तर तुकड्याशिवाय मिळत नाही. म्हणजे शेवटी दुर्बीण लागतेच.

दुसरा धक्का औषधांनी दिला. १९७६ मध्ये आम्ल कमी करणारं सिमेटिडिन आलं, १९८० च्या दशकाच्या अखेरीस ओमेप्रॅझोल आलं. दरम्यान १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वाढवून दाखवला, आणि अल्सर अनेकदा प्रतिजैविकांनी बरा होतो, हे स्पष्ट झालं. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अल्सरमुळे ड्युओडेनमचा आकार बिघडणं, जठराचं खालचं तोंड आकसून बंद होणं, असली चित्रं बेरियम मीलच्या पाठ्यपुस्तकांची पानंच्या पानं व्यापत. तो आजारच ओसरला. मळमळ, ढेकर, जळजळ एवढ्यासाठी आज बेरियम मील लिहून देणं म्हणजे रुग्णाचे पैसे आणि अंगावरचा किरणोत्सर्ग दोन्ही वाया घालवणं आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता दुसरी बाजू, जिथे या तपासणीला पर्याय नाही किंवा अपुरा आहे.

अन्ननलिका सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांब. निरोगी माणसात घोट घशातून साधारण सेकंदात पुढे जातो आणि आकुंचनाची लाट आठ-दहा सेकंदांत त्याला जठराच्या दारापर्यंत पोहोचवते. तिथला गोल स्नायू वेळेवर सैल पडतो. अकलेझिया या आजारात अन्ननलिकेच्या भिंतीतल्या काही चेतापेशी मरतात, लाट उठत नाही आणि तो स्नायूही सैल पडत नाही. भाकरीही अडते, पाणीही अडतं. रात्री आडवं झाल्यावर न पचलेलं अन्न तोंडात येतं, उशी ओली होते, ठसका लागतो, वजन उतरतं. जळजळही होत असल्याने अनेकांना महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, ॲसिडिटीच्या गोळ्या मिळत राहतात. सुरुवातीच्या दिवसांत दुर्बीण आरामात आत जाते आणि 'नॉर्मल' असा अहवाल येतो. बेरियमच्या घोटात मात्र फुगलेली अन्ननलिका आणि तिचं खाली पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं झालेलं टोक दिसतं.

पक्कं निदान नाकातून नळी घालून अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या मॅनोमेट्रीने होतं, पण ती यंत्रं मोजक्याच केंद्रांत आहेत. शिवाय उपचारानंतर काय झालं, हे बेरियमवरून सोप्या रीतीने मोजता येतं. 'टाइम्ड बेरियम' या पद्धतीत रुग्ण उभ्याने एका मिनिटाच्या आत ठरलेलं पातळ बेरियम पितो. मग त्याच जागी, त्याच अंतरावरून पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या मिनिटाला चित्र काढतात आणि अन्ननलिकेत उरलेल्या बेरियमच्या स्तंभाची उंची मोजतात. निरोगी माणसात मिनिटभरात बहुतेक सगळं खाली गेलेलं असतं. अकलेझियात पाचव्या मिनिटालाही पांढरा स्तंभ उभाच असतो. फुग्याने तो स्नायू ताणल्यावर, किंवा जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये रुग्णांवर सुरू केलेल्या पोएम या दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेने स्नायू कापल्यावर, रुग्ण म्हणतो, "आता बरं वाटतंय, जेवण जातंय." पण स्तंभ जर तसाच उंच राहिला असेल, तर आजार परत डोकं वर काढण्याचा धोका मोठा असतो. आवडीने जेवू लागलेल्या माणसाला पुन्हा लवकर तपासायचं की नाही, ते या उंचीवरून ठरवता येतं. फूटपट्टी आणि घड्याळ एवढ्यावर चालणारी ही मोजणी जिल्ह्याच्या ठिकाणीही होऊ शकते, तरी ती मागितलीच जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

अरुंद जागांच्या बाबतीतही असंच आहे. प्रौढांच्या एन्डोस्कोपची जाडी साधारण नऊ-दहा मिलिमीटर असते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला बारा मिलिमीटर व्यासाचं कडं असेल तर दुर्बीण त्यातून सहज निघून जाते आणि मटणाचा नीट न चावलेला तुकडा तिथेच रुततो. रिचर्ड शाट्स्की यांनी १९५३ मध्ये अशा कड्याचं वर्णन केलं. तेरा मिलिमीटरहून अरुंद कडं जवळजवळ नेहमीच त्रास देतं, असं त्यांनी पुढे दाखवलं. म्हणून तेवढ्याच व्यासाची बेरियमची गोळी पाण्याबरोबर गिळायला देतात. ती जिथे थांबते आणि त्याच क्षणी रुग्ण छातीवर बोट ठेवून "हे, इथेच अडतं" म्हणतो, तिथे निदान होतं. गोळी नसेल तर बेरियममध्ये भिजवलेला पावाचा तुकडाही हे काम करतो. नुसतं पातळ बेरियम पाजून 'अडथळा नाही' असं लिहून देणं अपुरं आहे, कारण त्या माणसाची तक्रार पाण्याची नव्हतीच.

गिळण्याच्या पहिल्या सेकंदाचं शास्त्र मला या सगळ्यात सर्वांत जिवाभावाचं वाटतं. पक्षाघात झालेले, पार्किन्सन असलेले, घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेले रुग्ण घरी आले की नातेवाइकांची पहिली काळजी असते, यांना भरवायचं काय? अन्न श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होणं हे अशा रुग्णांच्या मृत्यूचं मोठं कारण आहे. त्यात फसवं असं, की ज्यांच्या घशाची संवेदनाच गेली आहे त्यांना ठसकाही लागत नाही. समोर बसून पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. अमेरिकेतल्या जेरी लोगेमन यांनी १९८० च्या दशकात रुळवलेल्या पद्धतीत रुग्णाला खुर्चीत बसवून, बाजूने चलच्चित्र घेत, चमच्या-चमच्याने वेगवेगळ्या घट्टपणाचं बेरियम देतात. आधी पाण्यासारखं, मग ताकासारखं, मग घट्ट वरणासारखं, शेवटी बिस्किटाचा तुकडा. हनुवटी छातीशी टेकवली की थेंब आत जायचा थांबतो का, मान लुळ्या बाजूला वळवली की घोट सुदृढ बाजूने सरकतो का, हे तिथल्या तिथे करून बघतात. श्वासनलिकेत किती खोल गेलं आणि रुग्णाने ते बाहेर काढलं का, याची रोझेनबेक यांच्या आठ पायऱ्यांच्या मापाने नोंद होते.

अशी तपासणी रेडिऑलॉजिस्ट एकट्याने करायची नसते. गिळण्याचे व्यायाम शिकवणारे वाचा-उपचारतज्ज्ञ शेजारी हवेत. दहा मिनिटांच्या या चित्रणावरून घरच्यांना सांगता येतं, की बाबांना पाणी घट्ट करून द्या, मऊ भात-वरण चालेल, चुरमुरे नकोत, आणि प्रत्येक घासानंतर एकदा कोरडं गिळायला लावा. नाकातून टाकलेली नळी काढायची की ठेवायची, हेही यावरून ठरतं. नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणं पाहण्याची पद्धत १९८८ पासून आहे आणि ती खाटेशेजारी करता येते हा तिचा मोठा फायदा. पण प्रत्यक्ष गिळण्याच्या क्षणी घसा मिटतो आणि दुर्बिणीसमोर काही क्षण नुसतं पांढरं होतं. ते क्षण एक्स-रे दाखवतो.

नवजात बाळाला हिरवी उलटी झाली, तर आतड्याला पीळ पडल्याची शक्यता धरून चालावं लागतं, कारण काही तासांत आतडं मरू शकतं. गर्भात आतडी वळून आपापल्या जागी बसतात, ते वळणं अर्धवट राहिलं तर हा धोका असतो. थोडं औषध नळीतून किंवा बाटलीने देऊन ड्युओडेनमचा शेवटचा वळसा कुठे बसला आहे ते पाहतात. तो मणक्याच्या डाव्या बाजूला आणि जठराच्या खालच्या तोंडाच्या पातळीला हवा. तो खाली, उजवीकडे किंवा स्क्रूसारखा पिळलेला दिसला तर बाळ थेट शस्त्रक्रियेला जातं. अल्ट्रासाउंडने रक्तवाहिन्यांचा पीळ पाहण्याची पद्धत आता वाढत आहे आणि तरबेज हातात ती चांगली आहे. तरीही रात्री दोन वाजता शंका राहिली, तर निर्णयासाठी घोटाचा एक्स-रेच मागवला जातो.

गळती शोधताना पदार्थ बदलावा लागतो. अन्ननलिका फाटल्याची शंका असेल, किंवा जठराच्या शस्त्रक्रियेनंतर टाका सुटला असेल, तर बेरियम छातीच्या वा पोटाच्या पोकळीत पडून तीव्र दाह करतं आणि कायमचं तिथेच राहतं. म्हणून पाण्यात विरघळणारं आयोडीनयुक्त द्रव्य आधी देतात. त्यातही मेख आहे. गॅस्ट्रोग्राफिनसारखं जुन्या प्रकारचं द्रव्य रक्ताच्या सहापटींहून अधिक संपृक्त असतं आणि ते फुप्फुसात गेलं तर तिथे पाणी खेचून जीव धोक्यात आणतं. ठसका लागणाऱ्या रुग्णाला कमी संपृक्ततेचं नवं द्रव्य द्यायला हवं. काय पाजायचं हे रुग्ण टेबलावर येण्याआधी ठरलेलं असावं. आता अनेक ठिकाणी हे काम सीटी स्कॅन करतो आणि ते योग्यच आहे.

आपल्या भागात आणखी दोन कारणांनी ही तपासणी टिकून आहे. शौचालय साफ करायचं ॲसिड चुकून किंवा जाणूनबुजून प्यायलेले रुग्ण सरकारी रुग्णालयांत सतत येतात. सुरुवातीचे दिवस ओलांडून जखम भरत आली की अन्ननलिका आकसू लागते. एकच जागा आकसली आहे की तीन, ती किती लांब आहे, जठराचं तोंडही जळलं आहे का, याचा नकाशा बेरियमने मिळतो. अरुंद जागेतून दुर्बीण पुढे जातच नाही, त्यामुळे पलीकडचं तिला दिसत नाही. दुसरं कारण गुटखा-सुपारीचं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तोंडाचा ताठरपणा आलेले रुग्ण काही कमी नाहीत. दोन बोटंही आत जात नाहीत एवढंच तोंड उघडणाऱ्या माणसाला तोंडातून दुर्बीण घालणं अवघड. नाकातून जाणारी बारीक दुर्बीण जवळ नसेल, तर घोट पाजून पहिली वाट दाखवता येते. आतड्याच्या क्षयासाठी बेरियम लहान आतड्यातून पुढे जाताना पाहण्याची पद्धत आपल्याकडे बराच काळ मुख्य होती. तिची जागा बहुतांशी सीटी आणि एमआरने घेतली आहे.

किरणोत्सर्गाचं भय अवाजवी नको, पण दुर्लक्षही नको. बेरियम स्वॉलोत साधारण दीड मिलिसीव्हर्ट आणि पूर्ण बेरियम मीलमध्ये सहाच्या आसपास मात्रा मिळते. जगात निसर्गाकडून सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधी सांगायलाच हवं. नंतर एक-दोन दिवस शौच पांढरट होतं, घाबरू नये. मात्र पाणी भरपूर प्यावं, नाहीतर बेरियम आतड्यात घट्ट होऊन बद्धकोष्ठ होतं, वयस्कांना जास्तच.

खरी दुरवस्था आहे ती मागणीच्या कागदाची. 'पोटदुखी, बेरियम मील' एवढ्याच चिठ्ठीवर रेडिऑलॉजिस्ट काय शोधणार? 'सहा महिने घन पदार्थ अडतात, पातळ जातं, मटण खाताना एकदा अडकून उलटी केली' असं लिहिलेलं असेल, तर तो गोळी किंवा पाव तयार ठेवेल. 'पाण्यानेही अडतं, रात्री अन्न परत येतं' असं असेल, तर घड्याळ लावून टाइम्ड चित्रं घेईल. 'पक्षाघातानंतर दोनदा न्यूमोनिया' असं असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञांना बोलावून खुर्चीची सोय करेल. हे तीन एक्स-रे एकाच नावाने मागितले जातात, पण पेल्यातला पदार्थ, रुग्णाची बसण्याची तऱ्हा आणि वेळ, सगळंच वेगळं असतं.

दुसरी गोष्ट चित्रणाची. हालचालीची तपासणी करून रुग्णाच्या हातात चार स्थिर फिल्म आणि अर्ध्या पानाचा अहवाल देण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी आहे. यंत्र चलच्चित्र साठवू शकतं, सीडीवर किंवा फोनवर देऊ शकतं. ज्या पोटविकारतज्ज्ञाने तपासणी मागितली, त्याला तो घोट पुन्हा हळू करून पाहता आला, तर अर्धे वाद मिटतील. एमडी रेडिऑलॉजी करणाऱ्यांसाठीही असंच व्हावं. मोठ्या सरकारी रुग्णालयांत वर्षभरात होणाऱ्या अकलेझिया, आम्लाने आकसलेल्या नलिका आणि पक्षाघाताच्या रुग्णांची चित्रणं नावं काढून एकत्र ठेवली, त्यांच्यासोबत मॅनोमेट्री आणि दुर्बिणीचे निष्कर्ष जोडले, तर ज्यांना वर्षात हाताने फार थोड्या तपासण्या करायला मिळतात त्यांनाही शंभर घोट डोळ्यांखालून घालता येतील. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. आहे त्या यंत्रावर रेकॉर्डचं बटण दाबण्याची आणि ते चित्रण पुसून न टाकण्याची सवय लागते, आणि ती विभागप्रमुखाच्या एका सूचनेने उद्यापासून लावता येते.